अंगात रक्त नाही

२०१५-१६ साली महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ५३.८ टक्के मुलांत रक्तक्षय होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पुढची फेरी २०१९-२१मध्ये झाली, तेव्हा हा आकडा ६८.९वर गेला होता. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत तो ४८वरून ५४.२ झाला, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत ४९.७वरून ५७.२. मधल्या काळात अंगणवाड्या चालू होत्या, आशाताई घरोघर जात होत्या, २०१८मध्ये ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहीमही सुरू झाली होती. तरी नांदेड-लातूरकडच्या उपकेंद्रांत सिस्टरच्या तोंडी वाक्य तेच आहे : ‘हिच्या अंगात रक्त नाही.’

हे कशानं होतं आणि आधी काय करावं, याबद्दल इथं दोन प्रामाणिक मतं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. एक दवाखान्यातून येतं, दुसरं शेतातून आणि चुलीपुढून. ती दोन माणसांच्या तोंडी घालून मी पुढं मांडतो आहे. एक आहेत नांदेड जिल्ह्यात नोकरी झालेले निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या वहिनी. लातूर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या, आता शेती बघतात. माणसं रचलेली आहेत, त्यांच्यातला वाद मात्र खराखुरा आहे.

डॉक्टर : वहिनी, गरोदर बाई समोर बसलीय, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे आणि बाळंतपणाला दीड महिना राहिलाय. तिला मी परसात शेवगा लावायला सांगू का? धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सहज सोसते, तेवढ्यानं ही दगावू शकते. तिला शिरेतून लोह द्यावं लागेल, वेळ आली तर रक्त चढवावं लागेल. शेती, पीकपद्धत, बाईचा मान हे सगळं खरं आहे. पण त्याला वीस वर्षं लागतात आणि तिच्याकडं सहा आठवडे आहेत.

वहिनी : तिला द्याच, भाऊजी. तिच्याबद्दल माझा वाद नाही. मी एवढंच विचारते, ती सातवर आली कशी? दर वर्षी तुमच्यासमोर नवी बाई येऊन बसते. हा गोळीचा कार्यक्रम आहे तरी कधीपासूनचा?

डॉक्टर : १९७०पासूनचा.

वहिनी : म्हणजे माझ्या सासूच्या बाळंतपणात गोळी होती, माझ्या बाळंतपणात होती, आता सुनेच्याही आहे. तीन पिढ्या गोळ्या देऊन रक्त कमीच राहिलं, तर दुखणं दुसरीकडं कुठंतरी आहे.

डॉक्टर : गोळी वाटली जाणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. गरोदरपणात १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. पहिल्या आठवड्यात मळमळतं, पोट गच्च होतं, शौचाला काळं होतं. बाई घाबरते. ते औषधाचंच आहे, भिऊ नका, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. वर घरात कुणीतरी म्हणतं, बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल. मग पुडकं फळीवर राहतं. जी घेते ती सकाळच्या चहाबरोबर घेते, आणि चहा लोहाला अंगी लागू देत नाही. हा गोळीचा दोष नाही. आम्ही ती कशी पोचवली, याचा दोष आहे.

वहिनी : हे मात्र खरं बोललात. वाटपाची सही मी घेत होते, गिळल्याची कोण घेणार?

डॉक्टर : अजून एक. पाहणीतला आकडा वाढला म्हणून आजार तेवढाच वाढला असं धरू नका. कुटुंब पाहणीत बोटाला टोचून थेंब घेतात. २०१६ ते १८मध्ये देशभरातल्या मुलांची वेगळी पोषण पाहणी झाली. तिच्यात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासलं. एक ते चार वर्षांच्या मुलांत रक्तक्षय निघाला ४१ टक्के. थेंबाच्या पाहणीत, वयोगट जरा वेगळा असला तरी, देशाचा आकडा आधी ५८ आणि मग ६७ टक्के होता. २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांखालच्या बाळांसाठी रक्तक्षयाची मर्यादा ११वरून १०.५वर आणली. मोजमाप बदललं की आकडा हलतो.

वहिनी : हलू द्या. दहातली चार म्हटलं तरी माझ्या अंगणवाडीतल्या चाळीस लेकरांपैकी ती सोळा होतात. सोळा लेकरं दुपारी खेळायचं सोडून भिंतीला टेकून बसतात.

मोजणीचा वाद संशोधकांसाठी महत्त्वाचा आहे, आणि पद्धत नीट असावी ही डॉक्टरांची मागणी रास्तच आहे. पण त्याच शिरेतल्या रक्ताच्या पाहणीनं आणखी एक गोष्ट दाखवली, ती या वादात हरवते. एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १९ टक्क्यांत जस्ताची कमतरता होती, १८ टक्क्यांत जीवनसत्त्व अ कमी होतं, २३ टक्क्यांत फोलेट आणि १४ टक्क्यांत बी-१२. लोह हे या यादीतलं फक्त सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव आहे. एका गोळीनं एक-दोन उणिवा भरतात. ताट रिकामं असलं की उणिवा एकदम पाच-सहा येतात. वहिनींचं पारडं मला इथं जड वाटतं. पुढं मात्र डॉक्टर त्यांना एका गैरसमजातून बाहेर काढतात.

वहिनी : आमच्या शिवारात आधी खरिपाला ज्वारी होती, मूग-उडीद होता, तूर, तीळ, बांधाला अंबाडी. रब्बीला शाळू, हरभरा, करडई, जवस. आता मिरगापासून दिवाळीपर्यंत नुसतं सोयाबीन. का पेरतात तेही सांगते. खरिपाची ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडते, पाखरं बसतात, कापणी-मोडणीला माणूस मिळत नाही आणि भाव तर नाहीच. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत नगद पैसा देतं. पण त्या पैशाचंही बघा. २०२४-२५ला हमीभाव होता ४,८९२ आणि लातूरच्या बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. दुकानदाराची उधारी, दवाखाना, पोरांची फी, संपला पैसा. सोयाबीन ताटात येत नाही. तेल बाहेर जातं, पेंड कोंबडीच्या खाद्याला जाते, आणि त्या कोंबडीचं अंडं आम्हाला विकत घ्यावं लागतं.

डॉक्टर : हे बरोबर.

वहिनी : आणि भाजी विकतची झाली की बाईच्या वाट्याला शेवटी येते. बांधावरचा तांदुळजा, पाथरी, चिघळ, अंबाडी हे कुणाला विचारून आणावं लागत नव्हतं. खुरपायला गेलं की ओट्यात भरून आणायचं. आता तणनाशक मारतात, तणाबरोबर भाजीही जळते. आमच्या जुन्या ताटात सगळं होतं, भाऊजी.

डॉक्टर : इथं मी थांबवतो तुम्हाला. जुन्या ताटात सगळं नव्हतं. हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांबद्दल. त्यांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, शेवटी भ्रम. ज्वारीत ल्युसीन जास्त असतं, त्यामुळं नायसिन कमी पडतं, अशी त्यांची मांडणी होती. तुम्ही ज्या काळाच्या आठवणी काढता, त्या काळात गरिबाच्या घरात भाकरी आणि मिरचीचा ठेचा, एवढंच जेवण होतं. मूग, तीळ, करडई ज्यांच्या शेतात होतं त्यांच्या घरात ते ताट होतं. सालदाराच्या घरात नव्हतं.

वहिनी : आमच्याकडं सालगडी होता. त्याच्या घरातलं ताट मी बघितलेलं आहे. खरंय तुमचं.

डॉक्टर : शिवाय भाकरीतलं लोह थोडंच अंगी लागतं. धान्याच्या कोंड्यात फायटेट असतं, ते लोहाला आणि जस्ताला धरून ठेवतं. म्हणून तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२०मध्ये बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम ठरवली, पुरुषाची १९. आपल्या जेवणातलं बहुतेक लोह तसंच बाहेर पडतं, हे धरून काढलेला हा आकडा आहे. पाळीत दर महिन्याला रक्त जातं ते वेगळंच. बाईला नवऱ्यापेक्षा दीडपट लोह लागतं आणि ती जेवते सगळ्यांच्या मागून.

वहिनी : मग तांदळात लोह घालून काय साधलं? रेशनच्या तांदळात ते वेगळे दाणे येतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका सुपात निवडून फेकतात.

डॉक्टर : शंभर दाण्यांत एक दाणा तो असतो. तांदळाच्याच पिठाचा, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं. २०२१च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मार्च २०२४पर्यंत रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात तो तांदूळ पोचवला गेला. किलोला २८ ते ४२ मिलिग्रॅम लोह, असं प्रमाण ठरवलेलं आहे.

वहिनी : म्हणजे शंभर ग्रॅमला तीन-चार. आणि ज्वारीत किती असतं?

डॉक्टर : शंभर ग्रॅमला साधारण तीन ते चार.

वहिनी : आणि साध्या पांढऱ्या तांदळात?

डॉक्टर : एक मिलिग्रॅमसुद्धा नाही.

वहिनी : बघा मग. रेशनवर भाकरीच्या जागी भात दिला, आणि भाकरीत होतं तेवढं लोह कारखान्यात नेऊन भातात घातलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य लिहिलेलं होतं ना? एक रुपया किलोनं? मग ज्वारी इथंच विकत घ्या आणि इथंच रेशनवर द्या. आमची ज्वारी विकली जाईल, भाव मिळेल, पेरणारा पेरील.

डॉक्टर : ज्वारीत बी-१२ नाही, त्या तांदळात आहे. आणि तुमची ज्वारी रेशनवर येईपर्यंत भूमिहीन घराच्या हातात जो तांदूळ पडतो, त्यात काहीतरी असावं, यात चूक काय? मिठाचं आठवा. १९६२ला गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. २००६पासून खायला आयोडीनविरहित मीठ विकायला बंदी आहे. आज दहातल्या नऊहून अधिक घरांत आयोडीनचं मीठ आहे. कुणाच्या सासूला समजवावं लागलं नाही, कुणाची सही घ्यावी लागली नाही.

मिठाचा युक्तिवाद सगळ्यात बळकट आहे आणि त्याला वहिनींकडं उत्तर नव्हतं. पण आयोडीन एकच होतं, चिमूटभर पुरत होतं आणि मीठ प्रत्येकजण रोज जवळपास सारखंच खातो. लोहाचं तसं नाही. कामगार नवरा तीन ताटं भात खातो, दीड वर्षाचं बाळ चार घास. ज्याला जास्त गरज, त्याच्या पोटात तो तांदूळ सगळ्यात कमी जातो. म्हणून बाळाकडं वेगळं बघावं लागतं, आणि या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते नेमकं बाळाबद्दलच.

डॉक्टर : बाळ जन्मतं तेव्हा आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. आईचं दूध उत्तम, पण त्यात लोह थोडं. पाच-सहा महिने बाळ त्या शिदोरीवर काढतं. आईच कमी रक्ताची असली, बाळ कमी वजनाचं असलं, तर शिदोरी लवकर संपते. बाळंतपणात नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं, असं आता सांगतात. तेवढ्यात बाळाकडं जास्तीचं रक्त जातं आणि पुढचे काही महिने ते पुरतं. पैसा लागत नाही, औषध लागत नाही. सहा महिने संपले की मात्र बाहेरचं अन्न लागतंच.

वहिनी : आणि तिथंच सगळं फसतं. उष्टावण होतं, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून लेकराला काय? वरणाचं पाणी. डाळ खाली राहते ती मोठ्यांच्या ताटात जाते, वरचं पाणी लेकराला. नाहीतर चहात बुडवलेलं बिस्कीट. वर्षाचं झालं की हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. आई काय करील? आठ वाजता खुरपणीला जाते, लेकरू आजीपाशी. आजीला दिसत नाही नीट, लेकरू रडलं की बिस्कीट. दीड वर्षाच्या लेकराला दिवसातून चार-पाचदा बसून, थोडं थोडं, घट्ट भरवावं लागतं. त्याला अन्नापेक्षा माणूस लागतं.

डॉक्टर : सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना किमान पुरेसा आहार मिळतो का, हे कुटुंब पाहणीनं तपासलं. देशात ११.३ टक्के बाळांना मिळतो. बाकी ८९ जणांना वेळा कमी, नाहीतर प्रकार कमी, नाहीतर दोन्ही. म्हणून मी सिरपचा आग्रह धरतो. आठवड्यातून दोनदा एक मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. जुलाब लागले तर जलसंजीवनीबरोबर चौदा दिवस झिंकची गोळी. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व अ-चे नऊ डोस. दरवर्षी दोनदा जंताची गोळी. एवढं झालं तरी लेकराची अर्धी लढाई जिंकली.

वहिनी : डोस दिले जातात, मान्य. तुमची झिंकची पट्टी जुलाब थांबले की घरात पडून राहते, चौदा दिवस कुणी देत नाही. सिरप दिलं की लेकरू थुंकतं. आणि अंगणवाडीतून घरी न्यायला देतात ते आहाराचं पाकीट? आमच्याकडं कितीतरी घरांत ते शेळीपुढं गेलेलं मी बघितलंय. सर्वोच्च न्यायालयानं २००४लाच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहाराला कंत्राटदार नकोत, गावातल्या बायकांच्या गटांकडून घ्या. गावातल्या बाईनं गावातल्या चवीचं शिजवलं की लेकरू खातं. हे समजायला न्यायालय लागायला नको होतं.

डॉक्टर : सरकारवर एवढं रागावू नका. कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन आपल्या औरंगाबादेतूनच २००५ला सुरू झालं. २०१२च्या पाहणीत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २४वर आलेला दिसला. सात वर्षांत. मनात आणलं तर होतं.

वहिनी : झालं ते अंगणवाडीतल्या बायकांनी केलं, भाऊजी.

डॉक्टर : त्यांनीच. पण मी एक तुमच्या बाजूचं सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं अभ्यासली. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं जन्मताना मोठी होती. आणि सुमारे दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पायवाट. आमच्या लाल गोळीत फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. हे मला नोकरीत असताना कुणी शिकवलं नव्हतं.

वहिनी : बी-१२ कशातून मिळतं?

डॉक्टर : दूध, दही, अंडं, मासे, मटण. पाल्यातून नाही, डाळीतून नाही.

वहिनी : दूध डेअरीला जातं. घरात चहापुरतं राहतं, त्यातलं बाईला चहाच्या रंगापुरतं. मग तर अंड्याशिवाय वाट नाही. आणि शाळेतलं अंडं बंद केलं. नोव्हेंबर २०२३ला सुरू झालं होतं, आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ला सरकारनं सांगितलं, पैसे देणार नाही, हवं तर लोकवर्गणीतून द्या. मजुराच्या गावात लोकवर्गणी कोण देणार?

डॉक्टर : आपल्याकडं माळकरी घरं आहेत, त्यांचा विरोध असतो.

वहिनी : त्यांना दूध द्या, दही द्या. माझ्या माहेरी तुळशीची माळ आहे, आम्ही अंडं शिवत नाही. म्हणून शेजारच्या तांड्यावरच्या लेकराच्या तोंडचं काढा असं आम्ही कधी म्हटलं नाही.

या वाक्यापुढं मला काही जोडायचं नाही. राज्यकर्त्यांनी ते ऐकावं, एवढीच इच्छा आहे.

डॉक्टर : शेताचं बोलत होतात, त्याला उपाय काय? सोयाबीन सोडा म्हणून कुणी सोडणार नाही.

वहिनी : सगळं सोडू नये. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं इकडं एक एकराचं केलं, ते बघा. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या कामातून उभी राहिलेली संस्था, प्रेमा गोपालन यांची. लातूर-उस्मानाबादकडच्या बायकांनी घरच्या जमिनीतला एक एकर, कुठं अर्धा, नवऱ्याकडून मागून घेतला आणि त्यात घरच्या खाण्याचं पेरलं. भाजीपाला, डाळी, ज्वारी, तीळ, कमी पाण्यात येणारं. २०१६ला संस्थेला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्यातलं मोठं काम माझ्या मते भाजी पिकवणं हे नव्हतंच. काय पेरायचं हे बाईनं ठरवलं, ते होतं.

डॉक्टर : आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी शक्ती’ वाण त्या एकरात घाला. इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेली ज्वारी, २०१८ला आली. किलोला ४५ मिलिग्रॅम लोह, ३२ मिलिग्रॅम जस्त. नेहमीच्या ज्वारीत लोह तीसच्या आसपास धरतात. बाजरीत राहुरीच्या विद्यापीठाचं ‘धनशक्ती’ आहे. त्या लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने देऊन बघितली, त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. गोळीशिवाय, नुसत्या भाकरीनं. हे मोजलेलं आहे म्हणून मला पटतं. पण वहिनी, ज्याला एकरच नाही त्याचं काय? मुखेड, कंधार, जळकोटच्या तांड्यांवरची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात. चार-पाच महिने फडात. लेकराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत, लेकरू कारखान्याच्या कोपीत. त्या बाईला पहाटे चारला उठून ऊस तोडायचाय. तिचा एक एकर कुठला?

वहिनी : तिच्यासाठी माझ्याकडं उत्तर नाही. तिला शिजवलेलं अन्न हातात द्यावं लागेल, ती असेल तिथं.

डॉक्टर : तसं नांदेड जिल्ह्यातच होतं. किनवट-माहूरच्या आदिवासी भागात २०१५पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा बाईला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण, वर अंडं किंवा केळं.

वहिनी : आणि ती तिथं बसून जेवते. घरात पाकीट नेलं की सगळ्यांत वाटलं जातं, तिला शेवटी उरेल ते. अंगणवाडीत ती पहिली जेवते. हे मुखेडला का नाही? जळकोटला का नाही? जेवण झालं की तिथंच तुमची लाल गोळी द्या, पाण्याबरोबर. सहीही नको, डोळ्यासमोर गिळली.

डॉक्टर : तेवढं झालं तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.

वाद मिटल्यासारखा वाटेल, पण मिटलेला नाही. पैसा थोडा असेल तर आधी औषधपुरवठा की आधी जेवण, यावर दोघं अजूनही वेगळेच आहेत. डॉक्टर आकड्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, वहिनींना आकड्याची वाट बघायला वेळ नाही. मला स्वतःला वाटतं, दोघांच्याही बोलण्यात एक माणूस जवळजवळ आलंच नाही : दहावीनंतर शाळा सुटलेली मुलगी.

शाळेत असेपर्यंत तिला आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. गरोदर राहिली की लाल गोळी मिळते, तपासणी होते, तिच्या नावाची नोंद होते. या दोन्हींच्या मधल्या काळासाठी कागदावर अंगणवाडी आहे, पण शेतात मजुरीला जाणारी सतरा वर्षांची मुलगी तिथं जात नाही आणि तिला शोधत कुणी येत नाही. २०२४मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये. तिच्या शासन निर्णयात योजनेचं एक कारण म्हणून राज्यातल्या स्त्रियांमधला रक्तक्षय दिलेला आहे. योजना सुरू होते वयाच्या २१व्या वर्षी. पाहणीत सर्वांत जास्त रक्तक्षय असलेल्या स्त्रिया, १५ ते १९ वयाच्या, त्यात बसतच नाहीत. आणि मराठवाड्यात यातल्या अनेकींचं लग्न अठराच्या आत होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण २०१९-२१च्या पाहणीत ४८ टक्के होतं. ही मुलगी नऊ-दहा हिमोग्लोबिनवर सासरी जाते, वर्षभरात गरोदर राहते, आणि मग डॉक्टरांच्या टेबलापुढं सात घेऊन बसते. वहिनींनी विचारलेल्या ‘ती सातवर आली कशी’ या प्रश्नाचं उत्तर या चार-पाच वर्षांत आहे. मुंबईच्या वस्त्यांतला ‘सरस’ प्रकल्पही हेच सांगतो. तिथं बायकांना पालेभाजी, फळं आणि दुधापासून केलेला खाऊ रोज दिला. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता आणि ज्या फार कृश नव्हत्या, त्यांची बाळं वजनानं भरली. गरोदरपणात सुरू केलेलं पुरत नाही, उशीर झालेला असतो.

म्हणून माझा कौल असा : निळी गोळी आणि अंगणवाडीतलं शिजवलेलं जेवण हे दोन्ही या मुलीपर्यंत, तिच्या लग्नाआधी, गेलं पाहिजे. शाळेतलं अंडं सरकारनं पुन्हा सुरू केलं पाहिजे आणि अमृत आहार किनवटच्या हद्दीवर थांबता कामा नये.

सरकार करील तेव्हा करील. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तुमच्या गावात गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला, हे येत्या ग्रामसभेत विचारा. एक अंडं सहा-सात रुपयांना मिळतं. शाळा सुटलेल्या मुलींची यादी आशाताईंकडून मागा, तिच्यात आपल्याही घरची मुलगी असेल तर तिचं नाव घाला, आणि त्या निधीतून त्यांच्यासाठी आठवड्याला निदान दोन अंडी, अंडं न खाणाऱ्यांना दूध, असा ठराव मांडा.